बेळगावहून मुंबई: उन्हाळ्यातील तीन दिवस आणि नऊ चौकोन

काही वर्षांपूर्वी एप्रिलमधील एका सोमवारी सकाळी आमच्या घरची सहा माणसे गेटवे ऑफ इंडियाजवळ लाँचची चौकशी करत उभी होती आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे आम्हाला तेथे उभे राहिल्यावर कळले. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. मुलाच्या वहीतून फाडलेल्या पानावर मी चौदा ठिकाणांची नावे एकाखाली एक लिहिली होती. त्यांपैकी एकाही नावापुढे वार नव्हता, वेळ नव्हती, आणि कोणते ठिकाण कोणत्या ठिकाणाच्या शेजारी आहे याचा तर मी विचारच केला नव्हता. साडेअकराच्या उन्हात आईला एका झाडाखाली बसवून मी टॅक्सी शोधत फिरलो. तीन दिवसांत चौदापैकी पाच ठिकाणे कशीबशी उरकली आणि परतीच्या गाडीत सगळे निजले ते थेट घटप्रभा गेल्यावर जागे झाले.

त्यानंतर मुंबईला जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा पान वेगळ्या रीतीने आखले. तीन दिवसांच्या तीन आडव्या ओळी आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन उभे रकाने, म्हणजे एकूण नऊ चौकोन. एका चौकोनात एकच ठिकाण, फार तर त्याला लागून असलेले दुसरे. सकाळच्या रकान्यात उघड्यावरची ठिकाणे, दुपारच्या रकान्यात छपराखालची आणि संध्याकाळच्या रकान्यात समुद्रकाठची. शिवाय एका ओळीतील तिन्ही चौकोन शहराच्या एकाच भागातील असले पाहिजेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंबासह मुंबई पाहायला जाणाऱ्यांसाठी हे नऊ चौकोन कसे भरावेत, ते पुढे सांगितले आहे.

तारीख काढताना

सीमाभागातील माणसाला दोन राज्यांच्या सुट्यांचा हिशेब ठेवावा लागतो आणि सहलीच्या बाबतीत त्याचा फायदाच होतो. कर्नाटकातील शाळांना साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटी लागते, तर महाराष्ट्रातील शाळा मे महिना उजाडताना बंद होतात. मधल्या दोन-तीन आठवड्यांत आपली मुले मोकळी असतात आणि मुंबईची मुले अजून परीक्षेत किंवा शाळेत गुंतलेली असतात. राणीची बाग, विज्ञान केंद्र, वस्तुसंग्रहालय अशा मुलांच्या ठिकाणी मे महिन्यात जी रांग लागते, ती या दिवसांत पुष्कळ कमी असते. तेव्हा एखादी रजा टाकून एप्रिलच्या उत्तरार्धातील शनिवार-रविवार साधता आला, तर माझ्या मते तोच उत्तम.

बसव जयंती अक्षय्य तृतीयेला येते आणि ती कर्नाटकाची सुटी आहे, महाराष्ट्राची नाही. त्यामुळे ती शनिवार-रविवारला लागून आली की जोडसुटी फक्त आपल्याकडे असते. यात एक अडचण मात्र आहे. बेळगावची पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे बसव जयंतीच्या आदल्याच दिवशी असते आणि नंतर चित्ररथ मिरवणूक असते. मंडळात काम करणारा तरुण मुलगा घरात असेल, तर त्या आठवड्यात त्याला मुंबईच काय, पण पिरनवाडीच्या पलीकडेही नेता येणार नाही.

उरतो १ मे. तो तिकडे महाराष्ट्र दिन आणि आपल्याकडे कामगार दिन असल्याने दोन्ही राज्यांत सुटी असते. २०२६ साली हा दिवस शुक्रवारी येतो, म्हणजे गुरुवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परतता येते. गर्दी मात्र सर्वांचीच असते, हे धरून चालावे. त्या सकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर राज्याचा मुख्य ध्वजवंदनाचा आणि संचलनाचा कार्यक्रम असल्याने आसपासच्या रस्त्यांवर बंदोबस्त असतो. काही संग्रहालये अशा सार्वजनिक सुटीच्या दिवशी बंद ठेवली जातात, म्हणून जेथे जायचे आहे तेथे दोन दिवस आधी फोन करून खात्री करून घ्यावी.

आठवड्याच्या सुट्या प्रथम पानावर लिहाव्यात आणि मगच चौकोन भरावेत. घारापुरी, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान व त्यातील कान्हेरी लेणी आणि वरळीचे नेहरू तारांगण सोमवारी बंद असतात. राणीची बाग आणि तिच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. सिद्धिविनायकाला मंगळवारी जाऊ नये, असे मी सांगितले तर कोणी रागावेल. पण लहान मूल आणि म्हातारी माणसे बरोबर असतील, तर इतर कोणत्याही दिवशी पहाटे जावे.

जाणे-येणे

बेळगाव ते मुंबई हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि रात्रीचा प्रवास हाच त्याला सोयीचा. हुबळी–दादर एक्स्प्रेस लोंढा–मिरज मार्गाने जाते, त्यामुळे बेळगावप्रमाणेच या मार्गावरील इतर गावांच्या लोकांनाही ती उपयोगी पडते; आपल्या स्थानकावर ती थांबते की नाही, हे तिकीट काढताना पाहावे. निपाणीला रेल्वे नाही. तेथील लोकांनी महामार्गावरून जाणारी रात्रीची बस धरावी किंवा कोल्हापूर गाठून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडावी. ती थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. स्वतःच्या मोटारीने जाण्याचा मोह जोडसुटीत तरी टाळावा, कारण शुक्रवारी रात्री खंबाटकी आणि खंडाळा या दोन्ही घाटांत वाहने मुंगीच्या चालीने चालतात आणि मुंबईत पोहोचल्यावर गाडी उभी करायला जागा शोधण्यातच एक चौकोन खर्च होतो.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, त्यामुळे जुन्या सवयीने चार महिने आधी स्थानकावर जाऊन परतलेली माणसे मी पाहिली आहेत. ३० एप्रिलच्या रात्रीची गाडी हवी असेल तर आरक्षण १ मार्चला आणि ३ मेच्या परतीच्या गाडीचे ४ मार्चला सकाळी आठ वाजता उघडेल. या दोन तारखा दिनदर्शिकेवर आधीच गोल करून ठेवाव्यात. दोन्ही तिकिटे एकदम काढता येत नाहीत, हे लक्षात न आल्याने जाण्याचे तिकीट पक्के आणि येण्याचे प्रतीक्षा यादीत, अशी अवस्था होते. तत्काळवर विसंबू नये. ते आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गांसाठी दहा वाजता आणि इतर वर्गांसाठी अकरा वाजता उघडते, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते.

मुक्काम दादरला किंवा फोर्टच्या बाजूला करावा. येथे एक नाजूक विषय येतो. आपल्या भागातील बहुतेक घरांची कोणी ना कोणी माणसे मुंबईत आहेत. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळला गेलेल्यांची पुढची पिढी आता डोंबिवली, विरार, बदलापूर अशी लांब राहायला गेली आहे. मामांकडे किंवा आत्यांकडे उतरले नाही तर त्यांना वाईट वाटते, आणि उतरले तर रोज जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये जातात. आम्ही काढलेली तोड अशी: निघण्यापूर्वीच फोन करून, ‘या वेळी मुलांना मुंबई दाखवायची आहे, मुक्काम दादरला करतोय, शनिवारी रात्री जेवायला मात्र तुमच्याकडे,’ असे स्पष्ट सांगावे आणि जाताना अर्धा-अर्धा किलो कुंद्याचे दोन डबे न्यावेत. कुंदा पाहिल्यावर रुसवा फार वेळ टिकत नाही.

ऊन वेगळे, घाम वेगळा

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ३५–३६ अंशांवर गेला, तरी हवा कोरडी असते, सावलीत बरे वाटते आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की अंगणात खुर्ची टाकून बसता येते. मुंबईचा पारा त्याच दिवसांत ३३–३४ वर असतो. आकडा पाहून बेळगावकर निर्धास्त होतो आणि तेथेच फसतो. समुद्राकाठच्या हवेत बाष्प इतके असते की अंगावरचा घाम सुकत नाही. घाम सुकला तरच अंग गार होते, तो नुसता निथळत राहिला तर अंगातील पाणी आणि मीठ मात्र जाते आणि उष्णता तशीच राहते. रात्रीही फारसे गार होत नाही, त्यामुळे पहिल्या दिवसाचा थकवा दुसऱ्या दिवशी शिल्लक राहतो.

म्हणून साडेदहा ते साडेचार हे सहा तास उघड्यावर काढू नयेत, हा नियम मुलांनाच नव्हे, तर मोठ्यांनाही लावावा. कपडे सुती आणि सैल असावेत. सहलीसाठी घेतलेले नवे बूट घरी ठेवून वापरातल्या चपला घालाव्यात. प्रत्येकाच्या हातात स्वतःची पाण्याची बाटली असावी आणि पिशवीत ओआरएसची चार पाकिटे टाकून ठेवावीत. कोकम सरबत मिळेल तेथे घ्यावे, पण रस्त्यावरच्या बर्फाच्या पाण्याला हात लावू नये. सहलीतला एक अख्खा दिवस पोट धरून खोलीत काढलेला माणूस आमच्या घरात आहे आणि त्याचे नाव सांगितलेले त्याला आवडणार नाही.

पहिली ओळ: भायखळा आणि मरीन ड्राइव्ह

रात्रीच्या गाडीने दादरला सकाळी उतरल्यावर लगेच भटकायला निघू नये. खोलीवर जाऊन अंघोळ, चहा आणि एक तास आडवे होणे हे पहिल्या चौकोनातच धरावे. साडेनऊच्या सुमारास मध्य रेल्वेने भायखळ्याला जावे. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच राणीची बाग, १८६०च्या दशकातील आहे, आणि माझ्या मते तिचे खरे वैभव प्राण्यांपेक्षा झाडांत आहे. दीडशे वर्षांच्या झाडांच्या सावलीमुळे उघड्यावरची ही एकच जागा अकरापर्यंत सुसह्य राहते. मुलांचा ओढा पेंग्विनकडे असतो. २०१६ साली दक्षिण कोरियाहून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांसाठी येथे थंड दालन केले आहे आणि उन्हाळ्यात तेथून बाहेर निघायला मोठी माणसेच टाळाटाळ करतात.

दुपार शेजारच्याच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात काढावी. १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाने उघडलेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय आहे. आतील खांब, जिना, छताची रंगीत नक्षी आणि जुन्या मुंबईचे मातीचे व लाकडाचे छोटे नमुने पाहण्यात दीड-दोन तास सहज जातात. बाहेर एक मोठा दगडी हत्ती आहे, तो मुलांना मुद्दाम दाखवावा. हा हत्ती पूर्वी घारापुरी बेटावर होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. इंग्रजांच्या काळात तो विलायतेला नेण्यासाठी उचलताना तुटला, पुढे तुकडे जोडून तो येथे उभा केला गेला. दुसऱ्या दिवशी बेटावर उतरताना, ‘हत्ती कुठे आहे?’ असे कोणी विचारले की उत्तर मुलेच देतात.

संध्याकाळी साडेपाचनंतर चर्चगेटला उतरून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसावे. साडेतीन किलोमीटरचा हा वळणदार रस्ता सगळा चालण्याची गरज नाही. सूर्य समुद्रात बुडेपर्यंत एका जागी बसणे आणि दिवे लागल्यावर गिरगाव चौपाटीच्या दिशेने जमेल तेवढे चालणे पुरे. भेळ चौपाटीवर खावी.

दुसरी ओळ: घारापुरी

हा चौकोन सर्वांत मोठा आहे, सकाळ आणि अर्धी दुपार तोच व्यापतो, म्हणून तो मधल्या दिवशी ठेवावा. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो आणि शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीची धाकधूक असते. गेटवेहून लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुटू लागतात. जोडसुटीत पहिल्या किंवा दुसऱ्या लाँचने जावे. साडेदहानंतर जेटीवरची रांग उन्हात उभी असते. लाँचवर लाइफ जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे बांधावेत, नुसते मांडीवर ठेवू नये. तासाभराच्या प्रवासात मागे ताजमहाल हॉटेल आणि १९२४ साली पूर्ण झालेला गेटवे लहान होत जातात, उभी असलेली मोठी जहाजे जवळून दिसतात, आणि बेळगावच्या मुलांना समुद्र म्हणजे गोव्याचा किनारा एवढेच ठाऊक असल्याने बंदर कसे असते, ते येथे पहिल्यांदा कळते.

बेटावर उतरल्यावर जेटीपासून पायथ्यापर्यंत लहान रेल्वे आहे आणि पुढे सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकाने व वर ताडपत्रीचे छत असल्याने सावली मिळते, पण वारा अडतो. माझी आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. तिने पायऱ्या मोजायला सुरुवात केली, चाळिसावर थांबली, एका दुकानदारिणीच्या स्टुलावर बसून काकडी खाल्ली, पुन्हा मोजायला लागली आणि वर पोहोचल्यावर, ‘वैजनाथाच्या डोंगरापेक्षा हे काहीच नाही,’ असे म्हणाली. ज्यांना चढवत नाही, त्यांच्यासाठी डोलीची सोय असते. भाव बसण्यापूर्वी ठरवावा. माकडांमुळे खाण्याची पिशवी उघडी ठेवू नये. तिकीट भारतीयांना ४० रुपये आहे आणि १५ वर्षांखालील मुलांना ते लागत नाही.

लेणे हेही छप्परच असल्याने दुपारचा नियम येथे मोडत नाही. साधारण सहाव्या शतकातील हे शिवाचे लेणे १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आत शिरल्यावर लगेच पुढे धावू नये. बाहेरच्या उन्हाने दिपलेले डोळे निवळायला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात खांबांच्या रांगा एकेक करून उजळतात आणि मग समोरच्या भिंतीत सुमारे २० फूट उंचीचे त्रिमुख सदाशिवाचे शिल्प दिसू लागते: मधले मुख मिटल्या डोळ्यांचे व शांत, एका बाजूचे मिशा असलेले उग्र आणि दुसऱ्या बाजूचे स्त्रीसारखे कोमल. त्याच्या एका अंगाला अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या अंगाला गंगाधर आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी मुलांना एक फरक सांगावा: कमल बस्ती दगडावर दगड रचून बांधली आहे, तर येथे काहीच रचलेले नाही, डोंगरातून नको असलेला दगड काढून टाकला आणि जो ठेवला तेच खांब, तेच छत, तेच देव झाले. चुकलेला घाव पुसता येत नव्हता, हे कळल्यावर मुले शिल्पांकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहतात.

दोनपर्यंत गेटवेला परतून जेवावे आणि चालत पाच-सात मिनिटांवर असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ते हेच. १९२२ साली ते लोकांसाठी उघडले. सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. शिल्पांचे दालन, लघुचित्रे आणि शस्त्रे एवढे पाहून बागेत बसावे. संध्याकाळच्या चौकोनात मी मुद्दाम काही लिहीत नाही. नातेवाइकांकडचे जेवण तेथेच बसते.

तिसरी ओळ: फोर्ट, पहाटे

रविवारी सकाळी साडेसहाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर उभे राहावे. कचेऱ्या बंद, रस्ते रिकामे, ऊन कोवळे: ज्या फोर्टमध्ये एरवी मान वर करायला सवड मिळत नाही, तेथे रस्त्याच्या कडेला उभे राहून इमारत शांतपणे पाहता येते. आशियातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी येथल्याच बोरीबंदरहून ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला गेली. आजच्या इमारतीचे काम १८७८ साली सुरू होऊन दहा वर्षे चालले. तिचे आणि समोरच्या महापालिकेच्या इमारतीचे वास्तुकार एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. मुलांना घुमट दाखवण्याआधी भिंतीवरचे दगडी मोर, माकडे, पाने आणि सरडे शोधायला लावावेत.

तेथून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकापर्यंत यावे. १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन आणि शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचे संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील हुतात्म्यांचे स्मारक एकाच चौकात आहे. बेळगावचा माणूस तेथे किती वेळ थांबेल, हे मी या आखणीत लिहीत नाही. त्याला सांगावे लागत नाही. पुढे विद्यापीठ आणि उच्च न्यायालयावरून ओव्हल मैदानावर आले की, २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेलेला देखावा एका दृष्टिक्षेपात येतो: मैदानाच्या पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि पश्चिमेला १९३०च्या दशकातील आर्ट डेको शैलीची घरे. छायाचित्रे काढणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. सकाळचे ऊन पश्चिमेकडील घरांच्या तोंडावर पडते. ८५ मीटर उंचीचा, १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर मात्र त्या वेळी मैदानाच्या बाजूने सावलीत असतो आणि त्याचा पिवळसर दगड उजळतो तो दुपार कलल्यावर. दोन्ही हवे असेल, तर पहिल्या दिवशी मरीन ड्राइव्हला जाताना पाच मिनिटे मैदानात डोकावून जावे.

साडेनऊपर्यंत हा चौकोन संपवावा. दुपारी दादरला परतून एखाद्या जुन्या मराठी उपाहारगृहात थालीपीठ, साबुदाणा वडा आणि पीयूष घ्यावे, खोली सोडण्याची वेळ पाळावी आणि सामान स्थानकाच्या सामानघरात ठेवावे; त्यासाठी बॅगेला कुलूप असावे लागते. संध्याकाळसाठी शिवाजी पार्क आणि चैत्यभूमी ही दोन्ही चालण्याच्या अंतरावर आहेत. आंब्याची पेटी घेण्याचा मोह आवरावा. कोकणातला हापूस आंबोलीच्या घाटाने आपल्या बाजारात येतोच. तो मुंबईहून डोक्यावर वाहून आणण्यात काही अर्थ नाही.

कान्हेरीचे नाव या पानावर नाही, ते मी विसरलो म्हणून नव्हे. शंभराहून अधिक लेण्यांचा तो डोंगर उघडा काळा कातळ आहे आणि एप्रिल-मेमध्ये नऊ वाजल्यापासूनच तो तव्यासारखा तापतो. कान्हेरी पावसाळा संपल्यावर पाहावी.

शहरात फिरताना

उन्हाळ्यात सर्वांत सुखाचे वाहन म्हणजे भुयारी मेट्रो. आरे ते कफ परेड ही तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि दादर, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, गिरगाव, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट ही सहलीतील बहुतेक ठिकाणे थंड डब्यातून जोडली गेली. रविवारी तिच्या वेळा वेगळ्या असतात, तेव्हा पहाटेच्या फोर्टसाठी लोकल किंवा टॅक्सी धरावी.

लोकलचे किमान भाडे ५ रुपये आहे. गर्दीच्या वेळा, म्हणजे सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणे, टाळले तर मुलांनाही लोकल आवडते. फलाटावरील पाटीवर गाडी धीमी की जलद, हे पाहूनच चढावे. भायखळ्याला उतरायचे असेल, तर धीमी गाडी बरी. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो आणि कोणती मार्गिका किती ते किती बंद, हे शनिवारच्या वर्तमानपत्रात येते; ते न वाचता निघालेली माणसे स्थानकात तासभर अडकतात. कुटुंब मोठे असेल तर चढण्यापूर्वीच, चुकामूक झाल्यास पुढच्या स्थानकावर उतरून जागेवरच थांबायचे, असे मुलांना बजावून ठेवावे.

रिक्षा मुंबई शहराच्या दक्षिण भागात चालत नाहीत. त्या वांद्रे आणि शीवच्या पुढे. या दोन ठिकाणांच्या अलीकडच्या भागात काळी-पिवळी टॅक्सी घ्यावी लागते, फेब्रुवारी २०२५ पासून तिचे किमान भाडे ३१ रुपये आहे, आणि ती मीटरने जाते. आपल्याकडे रिक्षात बसण्याआधी घासाघीस करण्याची इतकी सवय असते की आमचे काका पहिल्या टॅक्सीवाल्याशी मीटर चालू असतानाच भाव ठरवत होते.

परतीच्या रात्री दादर स्थानकावर अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा. डिसेंबर २०२३ पासून तेथील फलाटांना सलग क्रमांक दिले आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. आपली गाडी मध्य रेल्वेच्या बाजूने सुटते. पूर्वी मुंबईला राहून गेलेले वडीलधारे जुन्या क्रमांकाच्या भरवशावर पुढे निघतात आणि सगळे सामान घेऊन पूल दोनदा चढावा लागतो. तेव्हा पुढे मुलांना घालावे, कारण ती पाटी वाचतात.